यजमानाचा धर्म : दिल्ली, १९५१

देवस्थानाच्या उत्सवाशी ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे, त्यांस ‘यजमान’ ह्या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. उत्सवाच्या एखाद्या दिवसाचा मान एका कुळाकडे असतो. त्या दिवशीचा खर्च ते कुळ सोसते, मंडप घालते, पालखीच्या वाटेवर उभे राहते, पंगतीची व्यवस्था पाहते. तेवढ्या दिवसापुरते ते कुळ मोठे असते आणि त्याचा तो मोठेपणा कोणी नाकारीतही नाही. परंतु पालखी त्या कुळाची नसते, पालखीतील देव त्याच्या एकट्याचा नसतो, आणि प्रसाद कोणास द्यावा व कोणास नाकारावा हे ठरविण्याचा अधिकार तर त्यास मुळीच नसतो. आपल्या न्यायालयांनीही हेच तत्त्व निराळ्या भाषेत मान्य केले आहे. कायद्याच्या दृष्टीने देव ही एक व्यक्ती आहे. मिळकत तिच्या नावे असते. महाजन, पंच, विश्वस्त हे तिचे व्यवस्थापक होत, मालक नव्हेत.

शेजारी राष्ट्रांचे क्रीडासामने एखादे राष्ट्र आपल्या घरी भरविते तेव्हा ते यजमान असते की मालक, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ज्या राष्ट्राने पैसा ओतला, क्रीडांगण बांधले, पाहुण्यांच्या राहण्याजेवण्याची तजवीज केली, त्याने कोणास बोलवावे हेही त्यानेच का ठरवू नये, असे कोणासही सहज वाटेल. इतिहासाने ह्या प्रश्नाचे उत्तर एकदाच दिलेले नाही. अनेक ठिकाणी, अनेक वेळा, कधी यशाने तर कधी अपयशाने दिले आहे. त्यांतील सर्वांत बोधप्रद उत्तर दिल्लीचे आहे.

आम्हां ग्वाल्हेरकरांस त्या दिल्लीच्या क्रीडांगणाशी एक नाते सांगता येते. शिंदे सरकारच्या फौजेत असलेले कॅप्टन रूपसिंह हे हॉकीतील अलौकिक खेळाडू. १९३२ च्या लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेवर २४ विरुद्ध १ असा जय मिळविला, त्यांतील १० गोल एकट्या रूपसिंहांचे होते. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले. ग्वाल्हेरच्या क्रीडांगणास त्यांचे नाव आहे. आणि दिल्लीच्या राष्ट्रीय क्रीडांगणास २००२ पासून त्यांचे वडील बंधू मेजर ध्यानचंद ह्यांचे. हे दिल्लीचे क्रीडांगण मुळात खेळांसाठी बांधलेले नव्हते. भावनगरच्या महाराजांनी दिलेल्या देणगीतून १९३३ मध्ये ते आयर्विन अ‍ॅम्फिथिएटर ह्या नावाने उभे राहिले. शेजारी राष्ट्रांचे सामने भारतात प्रथम भरले ते येथेच, पुढच्याच वर्षी.

१९३४ हे साल ह्या दृष्टीने मोठे चमत्कारिक आहे. त्या एकाच वर्षी आशियाच्या पश्चिमेस एक क्रीडामहोत्सव जन्मास आला आणि पूर्वेस दुसरा मरण पावला. पूर्वेचा महोत्सव १९१३ मध्ये मनिला येथे सुरू झाला होता. फिलिपिन्स, चीन व जपान हे त्याचे तीन आधारस्तंभ. १९३० मध्ये टोकियोस भारताचेही खेळाडू त्यात उतरले होते. परंतु जपानने मांचुरिया बळकावून तेथे ‘मांचुकुओ’ नावाचे बाहुले राज्य उभे केले आणि त्या राज्यास ह्या सामन्यांत स्थान मिळावे असा आग्रह धरला. चीनने त्यास साफ नकार दिला. आपल्याच भूमीचा तुकडा तोडून निर्माण केलेल्या राज्याशी चीनने खेळावे कसे? १९३४ च्या मनिलाच्या सामन्यांनंतर ती संस्था मोडली आणि १९३८ चे ओसाकाचे सामने झालेच नाहीत. एका पाहुण्याच्या नावावरून एकवीस वर्षांची पंगत उठली.

त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्च महिन्यांत दिल्लीस पश्चिम आशियाई सामने भरले. पोहण्याच्या शर्यती पतियाळा येथे झाल्या. भारत, अफगाणिस्तान, सिलोन व पॅलेस्टाइन हे चार देश त्यात होते. ह्या चौघांत स्वतंत्र राष्ट्र म्हणावे असे एकटे अफगाणिस्तान. भारत पारतंत्र्यात, सिलोन ही इंग्रजांची वसाहत, पॅलेस्टाइन त्यांच्या हवाली केलेला मुलूख. ज्यास स्वतःच्या घराचा दरवाजा उघडण्याचा वा लावण्याचा अधिकार नाही, त्यास यजमान तरी कसे म्हणावे? पुढचे सामने पॅलेस्टाइनमध्ये व्हावयाचे होते. ते कधीच झाले नाहीत. परंतु ह्या सामन्यांच्या मागे असलेल्या गृहस्थांच्या मनातून ती कल्पना गेली नाही. ते गृहस्थ म्हणजे प्राध्यापक गुरुदत्त सोंधी. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे ते पुढे प्राचार्य झाले आणि ऑलिंपिक समितीवर भारताचे सभासद होते.

मार्च-एप्रिल १९४७ मध्ये दिल्लीत आशियाई संबंध परिषद भरली. त्या सुमारास सोंधींनी साऱ्या आशियाच्या सामन्यांची कल्पना पुढे मांडली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी त्यांनी आशियाई पथकांच्या प्रमुखांस एकत्र बसविले, आणि फेब्रुवारी १९४९ मध्ये दिल्लीच्या पतियाळा हाउसमध्ये आशियाई क्रीडा संघाची घटना मंजूर झाली. तीवर अफगाणिस्तान, ब्रह्मदेश, भारत, पाकिस्तान व फिलिपिन्स ह्या राष्ट्रांच्या प्रतिनिधींच्या सह्या आहेत. पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंह अध्यक्ष झाले. सामने १९५० मध्येच व्हावयाचे ठरले होते. परंतु तयारी पुरी होईना, म्हणून ते मार्च १९५१ पर्यंत लांबले. व्यवस्थेचा मुख्य भार ज्यांनी उचलला ते अँथनी डी मेलो आपल्या कोंकणी वाचकांस अपरिचित नसावेत. घराणे गोमंतकीय, जन्म कराचीचा, आणि भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे ते पहिले चिटणीस. आयर्विन अ‍ॅम्फिथिएटरचे रूपांतर करून तेथे धावण्याच्या शर्यतींस योग्य असे राष्ट्रीय क्रीडांगण त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाले.

४ मार्च १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांनी सामन्यांचे उद्घाटन केले. ११ राष्ट्रे, ४८९ खेळाडू, ५७ शर्यती व सामने. पदकांत जपान पहिला, भारत दुसरा व इराण तिसरा. भारताची १५ सुवर्णपदके होती. सचिन नाग ह्यांनी १०० मीटर पोहण्याची शर्यत जिंकली. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात मेवालालच्या गोलामुळे इराणचा पराभव झाला. मुंबईच्या लेव्ही पिंटोने १०० व २०० मीटर ह्या दोन्ही शर्यती मारल्या. स्त्रियांच्या शर्यतींत मुंबईच्याच रोशन मिस्त्री व मेरी डिसोझा ह्यांनी पदके मिळविली, आणि आपल्या मुली अर्ध्या विजारीत धावताना पाहण्याची सवय नसलेल्या समाजास ते एक नवे दर्शन घडले. ह्या साऱ्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ह्या सामन्यांचे खरे ऐतिहासिक महत्त्व पदकांच्या यादीत सापडावयाचे नाही. ते उद्घाटनाच्या संचलनात सापडते. त्या संचलनात जपान होता.

ह्याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जपान व जर्मनी ह्या दोघांस निमंत्रणच नव्हते. मार्च १९५१ मध्ये जपान दोस्तांच्या लष्करी अमलाखाली होता. सान फ्रान्सिस्कोचा तह व्हावयास अजून सहा महिने अवकाश होता. भारताने तर त्या तहावर सहीच केली नाही. स्वतंत्र भारताने जपानशी असलेली युद्धस्थिती अधिकृतपणे संपविली ती २८ एप्रिल १९५२ रोजी, आणि निराळा तह केला तो ९ जून १९५२ रोजी. म्हणजे कायद्याच्या काटेकोर भाषेत बोलावयाचे तर, दिल्लीच्या मैदानावर भारताने पाहुणा म्हणून ज्यास उभे केले ते राष्ट्र त्या दिवशी भारताशी अजून युद्धस्थितीत होते. निमंत्रण नाकारावयास ह्याहून उत्तम कायदेशीर सबब कोणता वकील शोधून देऊ शकला असता?

आणि सबब केवळ कायद्याचीच नव्हती. संचलनात जपानच्या मागेपुढे जी पथके चालत होती त्यांच्या जखमा ओल्या होत्या. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिला शहर उद्ध्वस्त झाले आणि सुमारे १ लाख नागरिक प्राणांस मुकले; फिलिपिन्सचे खेळाडू त्या देशातून आलेले. ब्रह्मदेश, सिंगापूर व इंडोनेशिया ह्यांनी जपानचा अंमल सोसलेला. सिलोनच्या कोलंबो व त्रिंकोमाली बंदरांवर एप्रिल १९४२ मध्ये जपानचे बाँब पडलेले. आपली अंदमान बेटे तीन वर्षांहून अधिक काळ त्यांच्या ताब्यात होती. भारतीय मनात मात्र जपानचे चित्र दुहेरी होते. एकीकडे अंदमानचे अत्याचार, तर दुसरीकडे आझाद हिंद सेनेला दिलेला आश्रय. टोकियोच्या खटल्यात न्यायमूर्ती राधाविनोद पाल ह्यांनी १९४८ मध्ये आपला विरोधी निवाडा लिहिला. १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी जपानच्या मुलांसाठी एक हत्तीण पाठविली. दिल्लीचे निमंत्रण ह्याच मालिकेतील होते. पराभूतास क्षमा करणे हा वीरधर्म आहे असे आपण पुराणांतून ऐकत आलो. तो धर्म आधुनिक राष्ट्राच्या कारभारात उतरलेला क्वचितच पाहावयास मिळतो. जपानला त्याची किंमत समजली असावी असे मानावयास जागा आहे, कारण सात वर्षांनी, १९५८ मध्ये, तेच सामने टोकियोस भरले आणि यजमानपद जपानकडे आले. कालचा बहिष्कृत आज पंगत वाढू लागला.

तथापि दिल्लीचे हे चित्र निष्कलंक नव्हते, आणि इतिहास लिहिणाऱ्याने ते तसे रंगविताही कामा नये. एक पाट रिकामा होता. ज्या पाकिस्तानने पतियाळा हाउसमध्ये घटनेवर सही केली, ते पाकिस्तान १९५१ च्या मैदानावर आले नाही. ज्या दोन माणसांनी हे सामने घडविले त्यांतील सोंधींची सारी कारकीर्द लाहोरची आणि डी मेलोंचा जन्म कराचीचा, हे आठवले म्हणजे त्या रिकाम्या पाटाकडे पाहून मन उदास होते. दोघांनीही आशियास घरी बोलाविले, पण ज्या मातीत ते वाढले तेथील खेळाडू तेवढे आले नाहीत. सुदैवाने ही रुखरुख फार काळ टिकली नाही. ऑक्टोबर १९५२ मध्ये पाकिस्तानचा क्रिकेट संघ आपला पहिला कसोटी सामना खेळण्यास दिल्लीसच आला, आणि १९५४ च्या मनिलाच्या आशियाई सामन्यांत पाकिस्तानने भाग घेतला.

यजमानपणाची उलटी बाजू पाहावयाची असेल तर १९६२ च्या जाकार्तास जावे लागते. राष्ट्राध्यक्ष सुकार्नो ह्यांनी सोव्हिएत कर्जातून भव्य क्रीडांगण उभारले होते. थाटात कसलीही उणीव नव्हती. उणीव निघाली ती निमंत्रणात. इस्राएल व तैवान ह्या दोन सभासदांच्या खेळाडूंस इंडोनेशियाने प्रवेशपत्रे दिली नाहीत. सोंधींनी तेथेच आक्षेप घेतला : सभासदांस वगळून भरविलेल्या सामन्यांस आशियाई सामने हे नाव लावता येणार नाही. आक्षेप कायद्यास धरून होता. परंतु त्याचे फळ असे मिळाले की, संतप्त जमाव भारतीय वकिलातीवर चालून गेला आणि सोंधींस देश सोडून परतावे लागले. दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबरला, भारताचा फुटबॉल संघ अंतिम सामन्यास उतरला तेव्हा लक्षावधींच्या क्रीडांगणात त्याची हुर्यो उडविली जात होती. डोक्यास पट्टी बांधून जर्नेलसिंग खेळले; त्यांनी व पी. के. बॅनर्जींनी गोल केले आणि दक्षिण कोरियावर २-१ असा जय मिळाला. त्या गर्दीत भारताच्या बाजूने ओरडणारे थोडेसे लोक होते ते पाकिस्तानच्या पथकातील खेळाडू, असे त्या संघातील खेळाडू पुढे आठवणीने सांगत असत. १९५१ चा रिकामा पाट असा परक्या देशात भरून निघाला. पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने इंडोनेशियाचे सभासदत्व तहकूब केले.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. सार्वभौम राष्ट्राने आपल्या सीमेच्या आत कोणास येऊ द्यावे हे बाहेरच्या क्रीडासंघाने का सांगावे? ह्या आक्षेपाचे उत्तर देताना मला आपल्याच समाजाच्या एका प्रसिद्ध खटल्याची आठवण होते. दक्षिण कानड्यातील मुल्की येथील श्रीवेंकटरमण देवस्थानाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर १९५७ मध्ये त्याचा निकाल लागला. देवस्थान गौड सारस्वत संप्रदायाचे आहे हे न्यायालयाने मान्य केले; धार्मिक व्यवस्थेचा संप्रदायाचा अधिकारही मान्य केला; काही विशिष्ट विधी संप्रदायापुरते राखून ठेवण्यास मुभा दिली. परंतु देवळाचा दरवाजा सर्व हिंदूंस उघडा राहिला पाहिजे, असा निर्णय दिला. व्यवस्थेचा अधिकार निराळा आणि मज्जाव करण्याचा अधिकार निराळा, हा विवेक त्या निकालाचे सार होय. त्या वेळी तो अनेकांस कटू वाटला असेल. आज त्यातील न्याय कोणी नाकारणार नाही. क्रीडासामन्यांच्या यजमानासही हाच विवेक लागू पडतो. त्याने आपल्या सीमेवर जरूर राज्य करावे. परंतु सर्वांचा उत्सव आपल्या घरी मागून आणल्यावर त्या उत्सवापुरता त्याने आपला अधिकार विश्वस्ताच्या मर्यादेत स्वखुशीने बांधून घेतलेला असतो.

हा विवेक आपल्याकडूनही नेहमी पाळला गेला असे नाही. १९८२ चे दिल्लीचे आशियाई सामने आपण मोठ्या वैभवाने भरविले. ३३ राष्ट्रे आली. परंतु १९७४ च्या तेहरानच्या सामन्यांनंतर इस्राएल ह्या पंगतीत पुन्हा दिसला नाही, आणि त्यास वगळून आशियाई ऑलिंपिक परिषद स्थापन झाली ती १९८२ मध्ये आमच्याच राजधानीत. जाकार्तास सोंधींनी ज्या तत्त्वासाठी अपमान सोसला, त्या तत्त्वाची दिल्लीस वीस वर्षांनी कोणास फारशी आठवण राहिली नव्हती.

उलट, कठीण प्रसंगी आपण ते पाळल्याचे उदाहरणही जवळचेच आहे. २ जानेवारी २०१६ रोजी पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला. त्यानंतर पाच आठवड्यांच्या आतच, ५ फेब्रुवारीला, गुवाहाटी व शिलाँग येथे दक्षिण आशियाई सामने सुरू झाले. आठही राष्ट्रे आली. पाकिस्तानचे पथकही आले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये ज्याचे नियम बांधले तो आपला खो-खो त्या सामन्यांत खेळला गेला आणि पुरुष व स्त्रिया अशा दोन्ही गटांत भारत जिंकला. हॉकीच्या अंतिम सामन्यात मात्र पाकिस्तानने भारतास १-० असे हरविले, आणि आसामच्या भूमीवर पाकिस्तानचे राष्ट्रगीत वाजले. आपल्या प्रेक्षकांनी ते ऐकून घेतले. माझ्या मते त्या सामन्यांत भारताने मिळविलेल्या शेकडो पदकांहून हे ऐकून घेणे मोलाचे होते.

तीन वर्षांनी चित्र पालटले. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे आपले ४० जवान मारले गेले. त्यानंतर लगेच दिल्लीस नेमबाजीची विश्वचषक स्पर्धा होती. पाकिस्तानच्या नेमबाजांस प्रवेशपत्रे मिळाली नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने भावी सामन्यांविषयी भारताशी चाललेली बोलणी थांबविली. सर्वांस प्रवेश देण्याची लेखी हमी भारताने दिल्यावरच, जून महिन्यात, ती बंदी उठली. चाळीस घरांत सुतक असताना पाहुणचार कसा करावा, हा प्रश्न क्षुल्लक नाही, आणि जो तो क्षुल्लक मानील त्यास मनुष्यस्वभाव कळला नाही असेच म्हणावे लागेल. परंतु सुतकाचाही एक शिष्टाचार आपल्या धर्माने घालून दिलेला आहे. घरात सुतक असेल तर त्या वर्षीचा उत्सवाचा मान दुसऱ्या कुळाकडे जातो. मान आपल्याकडेच ठेवावयाचा आणि प्रसाद मात्र निवडक हातांवर घालावयाचा, असे कोणी करीत नाही. राष्ट्रासही हे दोनच सरळ मार्ग आहेत. दुःख मोठे असेल तर यजमानपद नम्रपणे परत करावे. आणि ते स्वीकारले असेल तर जो जो सभासद आहे त्यास पाट मांडावा.

हा विचार केवळ इतिहासाच्या अभ्यासकाने करावा असा नाही. २०३६ च्या ऑलिंपिकचे यजमानपद मिळावे अशी इच्छा भारताने २०२४ मध्ये लेखी कळविली आहे. क्रीडांगणे, रस्ते, विमानतळ ह्यांची चर्चा पुष्कळ होते आणि व्हावयास हवी. १९५१ मध्ये आपल्यापाशी ह्यांतले फारसे काही नव्हते. होते ते एक नाट्यगृहाचे केलेले मैदान, एक वर्ष लांबलेली तयारी आणि फाळणीने घायाळ झालेली राजधानी. तरीही ज्याच्याशी युद्धस्थिती अजून संपली नव्हती त्या जपानला त्या राजधानीने इतरांच्या बरोबरीने उभे केले. पुढच्या यजमानांनी त्या पाहुणचाराचा थाट वाढविला असेल. त्यातील औदार्याची बरोबरी करणे मात्र अजून व्हावयाचे आहे.